मेरुरज्जु, म्हणजे मज्जारज्जू

मी मटार सोलते आहे.
ऋजुता रजईत, फक्त नाक आणि पेन्सिल बाहेर.
फेब्रुवारी लागला तरी आमच्या लष्करात
सकाळी समोरची पाण्याची टाकी दिसत नाही.

भदौरिया सरांनी छातीठोक सांगितलंय,
न्यूरॉनची आकृती येणार म्हणजे येणार,
नावं नाही दिली तर दोन मार्क गेले.
"हे डेंड्राइट, फांद्यांसारखे, इथून आत.
हा एक्सॉन, शेपटी, इथून बाहेर."
दोन न्यूरॉन एकमेकांना चिकटत नाहीत म्हणे,
मधे फट असते,
निरोप तिथं रसायन होऊन पलीकडे जातो.
"केवढी फट?"
"पुस्तकात नाही."
म्हणजे विचारायचं नाही.

तिचं पुस्तक हिंदी, माझी शाळा अकोल्याची.
ती मेरुरज्जु म्हणते, मी मज्जारज्जू,
ती प्रतिवर्ती क्रिया, मी प्रतिक्षिप्त.
छुईमुई की लाजाळू, यावर मात्र भांडण नाही,
कुठल्याही नावानं हात लावा, पानं मिटतात.

"तव्याला बोट लागलं तर?"
"हात आधी मागे. कण्यातच ठरतं ते.
मेंदूला नंतर कळतं."
"किती नंतर?"
"आई, पुस्तकात नाही!"
"बरं. ॲड्रिनलिन?"
"छाती धडधडते. लढायचं नाहीतर पळायचं."
"थायरॉक्सिन?"
"आयोडीन लागतं. तुझी सकाळची गोळी."
"आणि परीक्षेनंतर मुरारला,
बाबांकडे राहशील आठ दिवस?"

"नाही."

माझं वाक्य अजून पुरतं खाली टेकलंही नव्हतं.
मी तोच आवाज ठेवला होता, थायरॉक्सिनचा,
आठवडाभर आंघोळ करताना घोकलेला.
हातातली शेंग अर्धी उघडी राहिली.

ती चित्र रंगवत राहिली.
लाल रेघ त्वचेपासून कण्यापर्यंत,
कण्यात एक छोटं वळण,
निळी रेघ परत, दंडाच्या स्नायूकडे.
स्नायूच्या अलीकडे बोटभर
पेन्सिल थांबली.
मला दिसलं, खरंच दिसलं,
काहीतरी तिच्या पाठीतून वर चढत होतं,
स्वेटरच्या आतून, मानेपाशी,
वेणीच्या रबरबँडपाशी,
तिथून वर.
"त्यांनी विचारलंय," ती म्हणाली, "की तू?"

एका शेंगेत सात दाणे निघाले.
दुसरीत पाच, एक किडका.

खिडकीत तिच्या प्रॅक्टिकलचा खोका आहे,
बुटांचा, नऊ नंबर.
या घरात नऊ नंबर आता कुणालाच लागत नाही.
एका बाजूला भोक, आत दह्याच्या कपात हरभरे,
सगळे कोंब भोकाकडे मान काढून,
दारात पोस्टमन आल्यासारखे.
मी म्हणाले, उजेड ओढतो ना त्यांना.
"नाही गं. ऑक्सिन सावलीकडे जातं.
सावलीची बाजू जास्त वाढते,
म्हणून वाकतात."
मी पुन्हा विचारलं.
तिनं पुन्हा तेच सांगितलं, न चिडता,
आणि रजई डोक्यावरून ओढून घेतली.

त्या रात्री दिवा किती वाजता बंद झाला
मला माहीत नाही. भिंतीकडे तोंड करून
मी झोपल्याचं नाटक करत होते,
तेही नीट जमत नव्हतं, पापण्या हलत होत्या.

सकाळी गोळी घ्यायला उठले.
खोका फिरवलेला.
जुन्या भोकावर बँडेजची पट्टी,
समोरच्या बाजूला नवं भोक,
कात्रीनं घाईघाईत पाडलेलं, वेडंवाकडं, खिडकीकडे.
कोंब मात्र अजून खोलीकडेच झुकलेले,
पट्टीवर नाक टेकवून.

मी एकाला सरळ करायला बोट पुढे केलं.
"हात नको लावू," मागून आवाज, तोंडात ब्रश,
"त्यांना नसा नसतात. वेळ लागतो."

"किती?"

तिनं थुंकून चूळ भरली,
वहीचं मागचं पान उघडलं,
तारीख टाकली.
"मोजून सांगते."